इंजिनाचा गाडा

मी एक जुना गाडा आहे, मित्रांनो. बैलांचा नव्हे, इंजिनाचा. वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालत असे त्या काळात, पिंपळगाव राजाच्या मळ्यांत पाणी उपसणारं पहिलं इंजिन माझ्यावर बसून आलं.

खामगावच्या एका मिस्त्रीने बाभळीची चौकट ठोकून आणि चार लहान लोखंडी चाकं लावून मला घडवलं. इंजिन गावच्या भगवंतरावांचं. ते एकाच विहिरीवर न ठेवता पाळीपाळीने सगळ्या मळेवाल्यांना द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या दिवशी इंद्रभानच्या विहिरीवर हँडल फिरलं, धूर उठला, फट-फट-फट आवाज झाला आणि नळीतून पाण्याचा लोट पाटात कोसळला. म्हाताऱ्या बायांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. पण इंजिनासोबत माझंही अंग थरथरत होतं आणि मला वाटत होतं, आपल्यासारखं भाग्य कोणाचं नाही.

पंचाईत व्हायची ती इंजिन हलवताना. बारा मणांचं ते धूड. वाफ्यांमधून बैलजोडी वळायला जागा नसे, म्हणून माणसंच मला ओढत. आठ जण कमरेत वाकत, तरी माझी चाकं काळ्या मातीत रुतत. पुढचा दोर नेहमी कडूबाच्या खांद्यावर असे. गावातला सगळ्यात ताकदीचा गडी तो, आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

चैत्रात तानुबाईच्या मळ्याची पाळी आली. तानुबाई एकटी बाई. तिच्या मिरचीने उन्हात माना टाकल्या होत्या. तिच्या विहिरीला शंभर पावलं उरली असताना माझं पुढचं चाक पाटात फसलं. कडूबाने दोर टाकला, वाकून चौकटीखाली हात घातले आणि सगळा जोर लावला. त्याच्या कमरेत काहीतरी लचकलं. तो मटकन खाली बसला, तो उठलाच नाही. त्याला बाजेवर घालून घरी नेलं. मी पाटातच तिरपा राहिलो.

संध्याकाळी भगवंतराव आले. "माणसं मोडून पाणी नाई पाह्यजे आपल्याले," ते म्हणाले. "इंजिन परत धाडतो."

तानुबाईने मिरचीच्या एका रोपाशी बसून त्याची पानं उगाच चाचपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाची बायको गोजरबाई आली. मला वाटलं, ही मला शिव्या द्यायला आली. पण तिचे वडील कापसाच्या गाड्या हाकणारे होते. गाडीचं दुखणं तिला लहानपणापासून कळत होतं. ती माझ्यापाशी बसली आणि तिने चाकांच्या आसावरून बोट फिरवलं. बोटाला कोरडा गंज लागला. तशीच ती भगवंतरावांच्या दारी गेली.

"भाऊ, इंजिनाले रोज तेल पाजता. गाड्याच्या आसाले कधी थेंब घातला का?"

"गाड्याले काय करायचं तेल?"

"नाई घातलं तं तो माणसाची कंबर खाते. अन् चाकं पाहा त्याचे, परातीएवढे. ओझं सारं पुढं, मागं काहीच नाई. अशी बैलगाडी जुपली असती तं बैलाईनं मान टाकली असती. चार दिवस द्या मले. नाई जमलं तं धाडा परत."

भगवंतरावांनी थोडा विचार केला. "दिले चार दिवस," ते म्हणाले.

मित्रांनो, ते चार दिवस मी विसरणार नाही. गावच्या महादेवराव सुतारांनी दोन मोडक्या बैलगाड्यांची मोठी चाकं मला बसवली. चौकट आसाखाली टांगली, म्हणजे ओझं खालीच राहिलं. इंजिन पुढून सरकवून बरोबर मधोमध ठेवलं. आसांना भरपूर वंगण मिळालं. बाजेवरून कडूबाने निरोप धाडला, "दोर फेका. मी वाकलो म्हणून मोडलो. मागून दांडी लावा, छातीपाशी. माणसानं ताठ उभं राहून लोटलं पाह्यजे." तशी दांडीही लागली.

पाचव्या दिवशी अर्धं गाव जमलं. कडूबाही बाजेसकट बांधावर आला. भुसभुशीत मातीवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या अंथरल्या, पाटावर दोन फळ्या टाकल्या. दांडीला चौघंच, चौथी स्वतः तानुबाई. आधीच्या आठ जणांतला पुंजाजी हसला. "आठाचं काम चौघं करतीन?"

आणि मी हललो! करकरत नाही, कण्हत नाही, नुसता हललो. पऱ्हाट्या कडकड मोडत गेल्या, पण चाकं वरच राहिली. पाटावर आलो आणि एक फळी तडकली. मी एका अंगाला कललो.

"थांबू नका बे, लोटा," पुंजाजी ओरडला.

"लोटू नका," गोजरबाई म्हणाली. "धरून ठेवा. चाकाले दगड लावा."

पुंजाजीनेच धावत जाऊन दगड लावला. चौघांनी दम घेतला, दुसरी फळी आली, दगड निघाला आणि एका लोटण्यात मी पलीकडे गेलो. आनंदाने माझी चाकं पुढेच धावू लागली, तेव्हा लोकांना मला मागे धरावं लागलं. दुपारी पाणी मिरचीच्या शेवटच्या सरीपर्यंत पोचलं. तानुबाई त्या पाण्यात अनवाणी उभी राहिली.

"आता माही काय गरज राह्यली?" कडूबा अर्धवट हसत म्हणाला.

"तुमच्याच दांडीनं तं आला गाडा," गोजरबाई म्हणाली.

दोन महिन्यांनी कडूबा त्या दांडीला उभा राहिला, पाठ ताठ ठेवून. पुढे कितीतरी वर्षं मी विहिरीविहिरीला गेलो. मोताळ्याहून माणसं मला पाहायला आली. मला, इंजिनाला नव्हे. मग प्रत्येकाच्या विहिरीवर वेगळं इंजिन बसलं आणि मी गोठ्यामागे गेलो. आता माझ्या दांडीवर कोंबड्या बसतात.

मला तेल घाला, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या आसपास कोणी जड गाडा लोटताना दिसला, तर "लाव जोर" म्हणण्याआधी त्याच्या चाकांकडे बघा. दांडी किती उंचीवर आहे, वाट कशी आहे, तेही बघा. चाक मोडलं तर सुतार नवं करून देतो. कडूबाची कंबर मात्र थंडी पडली की शेवटपर्यंत दुखायची.