बांधलेलं पाऊल

शुक्रवारी सकाळी शिलाननं दार उघडलं आणि ती उंबऱ्यावरच थबकली. समोरचं सगळं अंगण ओलं, चकचकीत, आणि वास असा उग्र की डोळ्यांत पाणी यावं. अंगण म्हणजे खालच्या घराचं छत. हवरामानच्या डोंगरात घरं अशीच एकमेकांच्या खांद्यावर बसलेली असतात. खालच्याचा स्लॅब तेच वरच्याचं अंगण, त्यामुळे एक भांडण दोन मजल्यांना पुरतं. स्लॅबच्या पलीकडच्या कोपऱ्यात पायऱ्या, पायऱ्यांखाली गल्ली, गल्लीच्या टोकाला मिनीबसचा थांबा. घराला दुसरं दार नव्हतं. मागे डोंगर आणि बाजूच्या खिडकीखाली सरळ दरी.

पायऱ्यांवर तिचा दीर तोफीक उभा होता, लांब दांड्याचा रोलर डब्याच्या काठावर निथळवत. उंबऱ्यापासून सुरुवात करून, मागे मागे सरकत तो बरोबर पायऱ्यांवर उतरला होता.

"छत गळू नये म्हणून सीलर मारलं, वहिनी," तो म्हणाला. "बर्फ पडायच्या आत उरकलं एकदाचं. आता तीन दिवस पाऊल बांधलेलं राहू दे."

तीन दिवस म्हणजे सोमवार. मिनीबस आज दोन वाजता होती.

सनंदज शहरात मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिलानला जागा मिळाली होती. तिची लहानपणची मैत्रीण कझाल तिथं आठ वर्षं भात शिजवत होती, तिनं खटपट करून नाव लावलं होतं. शनिवारी सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. दोघींत मिळून एक खोली, तिला खिडकी, खिडकीतून रस्ता दिसतो असं कझालनं फोनवर तीनदा सांगितलं होतं. चव्वेचाळीस वर्षांत शिलानला आपली म्हणावी अशी ही पहिलीच गोष्ट मिळत होती. आणि शिकायला गेलेली पोरं परत घेऊन जाणारी मिनीबस आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी सुटायची.

पाऊल बांधणं हा मातीच्या छतांपासूनचा रिवाज. खालच्याला छताचं काम काढायचं असेल तर त्यानं वर यायचं, चहा घ्यायचा आणि पाऊल मागायचं. वरच्यानं "बांधलं" म्हटलं की विषय संपला. काम वाळेपर्यंत त्या घरातलं मांजरसुद्धा बाहेर पडत नाही. कुणी एक हाजी म्हणे दाढ ठणकत असताना तीन दिवस उंबऱ्यात बसून राहिला, पण छतावर उतरला नाही. गाव अजून त्याचं नाव काढतं, आणि ज्यांनी मोडलं त्यांचंही काढतं, वेगळ्या सुरात. शिलाननं अक्रोड उतरवायच्या दिवसांत तोफीकला "बांधलं" म्हटलं होतं. दिवस विचारला नव्हता. दिवस विचारायची रीतच नाही, तो शेजाऱ्यावर अविश्वास समजतात. भलेपणाच्या नादात माणसं आपल्या हातानं आपल्याला कडी लावून घेतात, ती अशी.

ती आत आली. दाराशेजारच्या गादीवर सासू बसली होती. सगळं गाव तिला मीमी म्हणे, म्हणजे मावशी. ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. तोफीक तिचा धाकटा. थोरला फायक, शिलानचा नवरा, नऊ वर्षांपूर्वी घाटात बर्फाखाली सापडून गेला, आणि तेव्हापासून वरच्या घरात या दोघीच. मीमीचं न्हाणं, वेणी, औषधं, मीठ कमी म्हणून रुसणं, सगळं शिलानच्या वाट्याला. तोफीक पंधरा पायऱ्या खाली राही. ईदेला वर येई, आईच्या हाताचं चुंबन घेई आणि चहा निवलाय म्हणे. महिन्यापूर्वी शिलाननं त्याला सांगितलं होतं, मी जाणार, आता आईला तुम्ही खाली न्या. तो "बघू" म्हणाला होता. काय बघत होता ते आज कळलं.

"कसला वास गं?" मीमीनं विचारलं.

"तुमच्या लेकाच्या हुशारीचा," शिलान म्हणाली.

तिनं बांधलेली पिशवी कोपऱ्यातून काढली, परत ठेवली. खिडकीशी गेली, दरीत डोकावली, मागे आली. खोली तीच होती, रोजचीच, पण आज भिंती हात लांबवून उभ्या असल्यासारखं तिला वाटलं. एकोणीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन या दारातून आत आली होती. आता रडावं की भांडी आपटावी हे तिला ठरवता येईना, म्हणून ती उंबऱ्यावर जाऊन बसली आणि त्या चकाकीकडे बघत राहिली.

बघता बघता तिला दिसलं. कडेच्या सावलीत ती चकाकी दुधासारखी पांढुरकी होत चालली होती.

शिलानचे वडील गवंडी होते. मातीची छतं गेली, काँक्रीट आलं, तसे तेही शिकले, आणि पोरगा नसल्यानं सगळं ज्ञान मुलीच्या कानात ओतून गेले. काँक्रीट दगडासारखं दिसतं पण पाणी पितं, ते सांगत. सीलर मारायचं ते कोरड्या ठणठणीत स्लॅबवर. ओल्यावर मारलंस तर ते पांढरं पडतं, आतलं पाणी आतच कोंडतं, थंडीत गोठतं, फुगतं, आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सोलून बाहेर येतं. त्यापेक्षा न मारलेलं बरं. ओल बघायची त्यांची रीत सोपी होती. रात्री स्लॅबवर प्लास्टिक पसरायचं, कडांवर दगड ठेवायचे, सकाळी उचलायचं. खालून घाम आला असेल तर थांबायचं.

परवा दिवसभर पाऊस झाला होता. आणि अक्रोड वाळवायचं प्लास्टिक तिनं काल संध्याकाळी उंबऱ्याजवळ पसरून ठेवलं होतं, चार दगडांसकट. तोफीकला इतकी घाई की ते उचलायचेही कष्ट त्यानं घेतले नव्हते. भोवतीनं रोलर फिरवून तो पुढे गेला होता. शिलाननं वाकून हात लांब केला, दगड सारला आणि कोपरा उचलला. खालच्या बाजूनं टपोरे थेंब लोंबत होते.

तिनं तोफीकला हाक मारली. तो पायऱ्या चढून वर आला, हातात चहाचा पेला, दातांत साखरेचा खडा.

"भावोजी, छत ओलं होतं."

"उन्हानं वाळलं की."

"इथं ऊन दहाला येतं. तुम्ही साडेसातला रोलर फिरवलात." तिनं प्लास्टिकचा कोपरा वर धरला. "हे काय, दव पडलंय?"

त्यानं थेंब पाहिले आणि नजर वळवली. "छत माझं आहे. सोललं तर माझं सोलेल. पाऊल तुम्ही बांधलंय."

"पाऊल कोरड्या छताला बांधतात. मातीच्या छतावर पावसात कुणी पाऊल मागायला आलेलं ऐकलंय?"

"वकील व्हायचं होतंत, वहिनी. परक्या पोरींना भात वाढायला कशाला निघालात?" तो हसला, पण खडा चावून टाकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक हिवाळा काढा. पुढच्या वर्षी मीच सोडून येईन तुम्हाला."

पुढच्या वर्षीची जागा कुणी राखून ठेवत नाही हे त्यालाही माहीत होतं. तो खाली गेला.

शिलान उठली. इतक्या वेळात पहिल्यांदा तिला श्वास पुरला. ओल्या छतावर शब्द चालत नाही, हे गावात कुणीही मान्य केलं असतं. हाजीसुद्धा दाढ धरून चालत गेला असता. आत येऊन तिनं मीमीला सगळं एका दमात सांगितलं, प्लास्टिक, थेंब, साडेसात. माझं पाऊल मोकळं आहे, मीमी. तुमच्या लेकानं घाई केली आणि फसला.

मीमीनं सगळं ऐकून घेतलं. शालीचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला.

"त्याला कशाला बोल लावतेस," ती म्हणाली. "तो सोमवारी करणार होता. आजच कर म्हणून मी सांगितलं."

शिलानला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली.

"रोज तुमचं डोकं माझ्या मांडीवर असतं, मीमी. मी केस विंचरते तुमचे."

"म्हणूनच." मीमी तिच्याकडे बघत नव्हती. "खाली मला जागा आहे. गादीही देतील. पण तिथं मला मीमी कुणी म्हणत नाही. धाकटी सून नशमील तोफीकला विचारते, 'ही' जेवली का? मी समोर बसलेली असते."

शिलानला म्हातारीचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी नशमीलचं ते "ही" तिच्या कानात रुतून बसलं, याचा तिला आणखी राग आला. कोंडलेलं माणूस दुसऱ्याला कोंडतं, आणि वर कीवही त्याचीच यावी, हा कुठला न्याय? तिनं चूल पेटवली, दहीभाताचं दोखवा गरम केलं, मीमीला भरवलं. मीमीनं मीठ कमी म्हटलं नाही. शिलाननं पाण्याचा तांब्या गादीजवळ ठेवला, गोळ्यांच्या पुड्या केल्या, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. कामं संपली. पावणेदोन वाजले होते.

"मी जाते, मीमी."

मीमीनं शाल खांद्यावर ओढून घेतली. थांब म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

शिलाननं पिशवी खांद्याला लावली आणि स्लॅबवर पाऊल ठेवलं. सीलर वाळलेलं नव्हतं. बूट चिकटून चर्र आवाज करत सुटत होता आणि मागे पांढरट ठसा उरत होता. दुसरं पाऊल. तिसरं. खाली छताचा आवाज गेला असणार, कारण तोफीक धावत बाहेर आला आणि पायऱ्यांच्या टोकाशी येऊन तिच्या बुटांकडे बघत राहिला. शेजारच्या छतांवर बायका उभ्या राहिल्या. ती अर्ध्यावर पोचली तेव्हा मागून मीमीचा आवाज आला.

"शिलान, दार उघडं राहिलं. गारठा येतोय आत."

ती थांबली. म्हातारीचं हे शेवटचं जाळं आहे हे तिला कळत होतं. दार ओढायला परत जायचं, उंबऱ्यावर त्या डोळ्यांना सामोरं जायचं, आणि मग जमेल निघणं? तोफीकलाही ते कळलं असावं. तो वाटेतून बाजूला झाला, आता अडवायची गरजच नसल्यासारखा.

शिलान वळली. आपल्याच ठशांवर पाय ठेवत दारापर्यंत आली. मीमी गादीच्या काठाशी सरकून बसली होती, एक हात चौकटीवर. डोळे कोरडे होते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"रात्रीच्या पुड्या डावीकडं आहेत," शिलान म्हणाली.

"दिसतात मला. लाव दार."

शिलाननं दार ओढून घेतलं. तिचा हात अजून कडीवर होता, सुटत नव्हता, तेवढ्यात आतून खटका वाजला आणि अडसर सरकला.

"आता परत वळलीस तरी मी उघडायची नाही," आतून मीमी म्हणाली. "जा."