दुसरं टोक

धाकट्याने एसीच्या रबरी पाइपाचं टोक प्रेसच्या साच्यात धरलं, टोकात सरकवलेल्या धातूच्या फिटिंगवरची पांढरी रेघ रबरावरच्या रेघेला भिडवली आणि मान हलवली. थोरल्याने दांडा खालीवर करायला सुरुवात केली. साचा चहूबाजूंनी आवळत गेला, ॲल्युमिनियमची कॉलर रबरात रुतली आणि एक टोक झालं.

दोघा भावांचं बोलणं बंद होऊन आठवडा झाला होता. पण या कामात एकाने धरायचं असतं आणि एकाने दाबायचं. भांडण झालं म्हणून माणूस बदलावा, तर गॅरेजमध्ये तिसरा माणूस नव्हता.

तिसरे होते ते गिऱ्हाईक. जुन्या गाडीला एसी बसवून घ्यायला आलेले गृहस्थ स्टुलावर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. निवृत्त होते, त्यामुळे घाईत होते.

"यांना म्हणावं, दुसरं फिटिंग घ्या," थोरला त्यांना म्हणाला.

गृहस्थांनी धाकट्याकडे पाहिलं. "ते म्हणतायत..."

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, हातातच आहे."

"तुम्ही सख्खे भाऊ ना?"

"म्हणूनच," थोरला म्हणाला.

आई थोरल्याकडे राहत होती. तिला उठवायला-बसवायला माणूस लागे, आणि ते माणूस म्हणजे वहिनी. आता वहिनीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. मागच्या आठवड्यात दुपारचे डबे संपता संपता थोरला म्हणाला होता, "आईला आता तुझ्याकडे ने." धाकटा डब्याचं झाकण लावत म्हणाला होता, "बघू." त्यांच्या घरात 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती. 'बघू' म्हणायची होती. थोरल्याला ते लहानपणापासून कळत होतं, त्यामुळे त्याने पुढे काही विचारलं नाही. कशाबद्दलच.

दुसरं टोकही आवळून झालं. थोरला पाइप घेऊन गाडीत शिरला, डॅशबोर्डखाली आडवा झाला आणि हात बाहेर काढून म्हणाला, "कडं."

हात तसाच राहिला. मग त्याचा त्यालाच उलगडा झाला असावा, कारण हात सावकाश आत गेला.

इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक असतं, त्यात रबराचं जाड कडं बसतं, आणि कड्यातून पाइप जातो. नाहीतर पत्र्याची धार गाडीच्या हादऱ्यांनी पाइप कापते. हे कडं दुसरं टोक दाबण्याआधीच पाइपात ओवावं लागतं. नंतर ते फिटिंगच्या वळलेल्या तोंडावरून येत नाही. म्हणून इतकी वर्षं दुसऱ्या टोकाच्या वेळी दाबणारा विचारायचा, "कडं?" आणि धरणारा सांगायचा, "घातलं." या आठवड्यात विचारणाराच नव्हता.

कडं टेबलावर, पक्कडीशेजारी, सगळ्यांना दिसेल असं पडलेलं होतं.

"चिरून नाही का बसवता येत?" गृहस्थांनी विचारलं.

"येतं," दोघे एकदम म्हणाले. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"पण पावसाळ्यात पाणी तुमच्या पायावर येतं," धाकट्याने पुढे जोडलं.

थोरला पाइप घेऊन गाडीतून बाहेर आला. पाइपाची लांबी थोडी जास्तच ठेवायची त्याची सवय आज उपयोगी पडली. त्याने दुसरं फिटिंग थोड्या पाइपासकट कापून टाकलं आणि नवीन काढलं. धाकट्याने कडं ओवलं, फिटिंग सरकवलं, रेघा जुळवल्या आणि मान हलवली. थोरल्याचा हात दांड्यावर होता, पण दांडा हलेना.

"कडं?" त्याने विचारलं. गृहस्थांना नव्हे.

"घातलं."

दांडा एकदा खाली आला. साचा नुसता टेकला.

"तीन जिने आहेत, दादा," धाकटा म्हणाला. त्याची नजर रेघेवर होती.

"माहितीये."

"लिफ्ट नाही."

"तेही माहितीये. घर बघायला मी आलो होतो तुझ्याबरोबर."

"तसं नाही. एकदा वर नेली की ती परत खाली यायची नाही."

थोरल्याने दांडा सोडला आणि हात पँटला पुसला. पुसण्यासारखं हाताला काही नव्हतं. गृहस्थांनी वारा घ्यायचं थांबवून वर्तमानपत्र उघडलं आणि जाहिरातींचं पान लक्षपूर्वक वाचायला घेतलं.

"गॅलरीतून काय दिसतं तुझ्या?" थोरल्याने विचारलं.

"पेट्रोल पंप."

"रांग असते?"

"संध्याकाळची असते. भांडणंही होतात."

"मग बसेल बघत. माझ्याकडे समोर भिंत आहे."

धाकट्याने साच्यात पुन्हा वाकून पाहिलं. बोलण्याच्या नादात रेघ केसभर सरकली होती. ती त्याने जुळवली.

"खुर्चीत बसवून चढवावी लागेल," तो म्हणाला. "वजन सगळं खालच्यावर येतं."

"खाली कोण?"

"तू. थोरला आहेस."

"घट्ट धर," थोरला म्हणाला आणि दाबायला लागला.