बांधावरचे वाल

भात निघाल्यावर खाचरात वाल पेरायचे ठरले, तेव्हा आसमा सासऱ्यांना म्हणाली होती, "अब्बा, आपली माती आंबट आहे. बियाण्याला मी जिवाणू लावते." हे जिवाणू मुळांवर गाठी करतात आणि पिकाला हवेतला नत्र देतात. तिने ते गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळले. आंबट माती त्यांना बाधू नये म्हणून वरून भिंतीचा चुनाही दाट फासला.

आता सगळे खाचर पिवळे पडले होते.

सासरे जैनुद्दीन बांधावर उकिडवे बसले. "जमीन थकली, पोरी. माझ्यागत. फार्महाऊसवाला लई दिवस मागं लागलाय. देऊन टाकतो."

लेक रुहीला कडेवर सावरत आसमाने खाचरातले एक रोप उपटले. मुळे कोरी होती. मग सासूने बांधावर काही न लावता नुसतेच टोकलेले एक रोप उपटले. त्याच्या मुळांवर गाठीच गाठी. नखाने एक फोडली, तर आत गुलाबी, म्हणजे जिवंत.

"अब्बा, जमीन चांगली आहे. ह्या आंबट मातीत राहायची सवय झालेले जिवाणू तिच्यात आहेत. बियाण्याजवळचे सगळे माझ्या चुन्याने भाजले."

जैनुद्दीनांनी ती गाठ तळहातावर घेतली. "एवढीशी ही, आन् हितं जगती व्हय?"

"जगते."

"मग त्या फार्महाऊसवाल्याला तूच सांग. मी काल हो म्हणून बसलोय."

रुही पदर ओढत होती. आसमाने मान वर न करता फोन लावला.