नॉस्टॅल्जियावरचं औषध

मयूरीला इंग्रजी शब्दांची कुळकथा काढायचा भारी नाद. सांगलीच्या शाळेत ती रोज फळ्यावर एक शब्द लिहायची आणि त्याचं मूळ सांगायची. मसल म्हणजे लॅटिनमधला छोटा उंदीर, हे कळल्यापासून अख्खी नववी दंडातले उंदीर दाखवत फिरत होती.

घरी मात्र तिचं कशातच लक्ष नव्हतं. नवरा शिवतेज फौजेतून निवृत्त होऊन दिवाळीत कायमचा घरी आला. त्यासाठी तिनं इतकी वर्षं देव पाण्यात ठेवले होते. आणि हा पठ्ठ्या अंगणात नुसत्या येरझारा घालत होता! आता म्हणे आसामात सिक्युरिटीची नोकरी धरायची. उद्या होकार कळवायचा होता. तिला रागही येत होता आणि रडूही.

संध्याकाळी तिनं त्याला गाठलंच.

"आवं, आज पोरांस्नी नॉस्टॅल्जिया शिकवला. घरी परतणं आन् वेदना, असं दोन ग्रीक शब्द जोडून स्वित्झर्लंडच्या एका डॉक्टरनं केला त्यो. परमुलखातल्या शिपायांचा आजार हुता. जेवान जाईना, झोप लागंना, नुसती झुरायची."

"औषध काय हुतं?"

"घरी पाठवायचं." आपण जिंकलो, असं तिला वाटलं. "तुमी तर घरीच हायसा. मग कशाला जाताय?"

शिवतेज थांबला.

"आल्यापास्नं मला कुणी एक काम सांगितलंय? दादा पाण्याच्या मोटारीला हात लावू देत न्हाईत. आई पाव्हण्यासारखं वाढती. तू चहा हातात आणून देतीस. सुट्टीवर आल्यावर करायचा तसंच समदं. मला बी पाठव की घरी."



तेवढ्यात सासरे भाऊसो, म्हणजे घरातले दादा, खोरं घेऊन बाहेर आले. "लाइट आली. उसाला पाणी लावून येतो."

"दादा, तुमी बसा. ह्यास्नी जाऊ द्या."

"आगं, दमून आलाय त्यो."

"कुठनं?" तिचा आवाज चढला. सासऱ्यांसमोर ती असं कधी बोलली नव्हती. "दिवाळीपास्नं घरातच हायत न्हवं?"

भाऊसोंनी लेकाकडे बघितलं. मग त्यांनी खोरं त्याच्या हातात दिलं.

"खालचा बांध फुटलाय. शेजाऱ्याच्या रानात पाणी गेलं तर तुला सोडणार न्हाई, सांगून ठेवतो."

"व्हय दादा," शिवतेज म्हणाला, आणि जवळजवळ पळतच निघाला.