तीस गोळ्या

औषधाच्या दुकानात लागून तिला जेमतेम तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात तिचं नाव 'घाबरगुंडी' पडलं होतं. नाव ठेवलं मालकांनीच. पहिल्याच महिन्यात गोळ्यांचा रंग वेगळा दिसला म्हणून ती एका गिऱ्हाइकामागे भर रस्त्यात धावत सुटली. कंपनीनं नुसता रंग बदलला होता. नंतर एकदा खोकल्याच्या औषधावरून तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि पोटभर बोलणी खाल्ली. घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, सगळ्यालाच भ्यायला लागलीस, तर खरं भ्यायचं तेव्हा कोण ऐकेल तुझं?"

तेव्हापासून तिनं तोंडाला कुलूप घातलं होतं. चिठ्ठीत असेल ते द्यायचं, पाकिटावर लिहायचं, पुढच्याला बोलवायचं.

त्या दुपारी मालक जेवायला घरी गेले होते. काउंटरसमोर सात-आठ माणसं ताटकळत उभी होती. त्यात एक बसड्रायव्हर होता, गणवेशातला, मिशीवाला. आईच्या सांधेदुखीची चिठ्ठी घेऊन आलेला.

"ताई, जरा हात चालवा. हे घरी टाकून मला गाडीवर जायचंय."

चिठ्ठीत होतं, रोज रात्री एक, महिनाभर. तिनं दहाच्या तीन पट्ट्या काढल्या, पाकिटावर तसंच लिहिलं. तो गेलासुद्धा.

गर्दी ओसरली आणि तिला काहीतरी टोचायला लागलं. ती स्टुलावर बसली, उठली. काउंटरची काच पुसली. पुसलेलीच काच पुन्हा पुसली. काय बिनसलंय तेच कळेना. शेवटी तिनं त्या गोळीचा खोका खाली काढला. आत अर्धवट कापलेल्या पट्ट्या होत्या. ही गोळी नेणारे चारच मागतात, म्हणून पट्टी कापावी लागते, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. तिनं कॉम्प्युटरवर मागची बिलं पाहिली. चार, चार, आठ, चार. आणि आज तीस.

मालक ढेकर देत आले. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"झालं तुझं सुरू!" ते म्हणाले. "चिठ्ठीत रोज लिहिलं होतं ना? मग डॉक्टर जाणे आणि पेशंट जाणे."

"काका, ही गोळी रोज घेणारं आपलं एक तरी गिऱ्हाईक सांगा."

मालकांनी खोका हातात घेतला. आतल्या कापलेल्या पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या. मग हळूच म्हणाले, "आठवड्याला एक देतात ही. रोज घेतली तर... फोन लाव दवाखान्यात."

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. पाचनंतर करा, असं दवाखान्यातून सांगितलं. घड्याळात तीन वाजले होते. बिलावर ड्रायव्हरचा मोबाइल नंबर होता, तो बंद.

"रात्रीची गोळी आहे," मालक म्हणाले. "पाचपर्यंत थांबू."

तिनं थांबून पाहिलं. दहा मिनिटं. दुखणारं माणूस रात्रीची वाट बघतं का? सासूबाईंचं डोकं दुखायचं तेव्हा त्या घड्याळ बघायच्या का? आपण चुकलो तर पुन्हा हसं होईल, पण हसण्यानं कुणाचा जीव जात नाही. तिनं पर्स उचलली.

"मी डेपोत जाऊन येते."

मालकांनी अडवलं नाही.

डेपोच्या खिडकीतल्या माणसाला तिनं एवढंच सांगितलं, "मिशीवाले ड्रायव्हर, दुपारी ड्यूटीवर आलेत, आई सांधेदुखीनं आजारी आहे." तो म्हणाला, "वीस मिनिटांत येईल गाडी." त्या वीस मिनिटांत ती एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत किती वेळा गेली, देव जाणे. बस आली तशी ती दाराशीच गेली.

"दादा, आईंनी गोळी घेतली का?"

"घेतली की. माझ्यासमोरच. म्हणाली, रात्रीपर्यंत कुठं थांबू. का?"

"एक घेतली ते चालेल. पण दुसरी घ्यायची नाही. पाच वाजता डॉक्टरांशी बोलेपर्यंत नाहीच."

ड्रायव्हर खाली उतरला. "गोळ्या तुम्हीच दिल्यात ना?"

"हो. मीच दिल्या. देण्याआधी विचारायला हवं होतं."

तो तिच्यावर ओरडला. दोन कंडक्टर वळून बघायला लागले. तिनं ऐकून घेतलं, आणि मग त्याला मोबाइल चालू करून शेजाऱ्यांच्या फोनवर आईला निरोप द्यायला लावला. निरोप पोचल्याचं स्वतःच्या कानांनी ऐकल्यावरच ती तिथून हलली.

पाच वाजून गेल्यावर डॉक्टरांचा फोन आला. आठवड्यातून एकच द्यायची होती. चिठ्ठी नव्या मदतनिसानं लिहिली होती, आणि आपण न वाचताच सही केली, असं ते स्वतःच म्हणाले. ड्रायव्हरला ते लगेच फोन करणार होते. मालकांनी रिसीव्हर ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चहा सांगतो."

घरी तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. "बरोबर निघालं, तरी मला बरं का वाटत नाहीये?"

"कारण गोळ्या तूच दिल्यास," त्या म्हणाल्या. "हात धू आणि जेवायला बस."

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत एका माणसाच्या चिठ्ठीवर ती अडली. "ही आधी कधी घेतलीय?" तो वैतागला, "लिहिलंय ना त्यात!" मागची रांग चुळबुळायला लागली. "लिहिलंय," ती म्हणाली, "तरी सांगा." आणि त्यानं सांगेपर्यंत ती थांबली.