टाळाला साद देणारा परदेशी हंस

मित्रांनो, मी एक जुना परदेशी आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. माझा जन्म हिमालयापलीकडच्या एका गारठलेल्या सरोवरावर झाला. पण दर कार्तिकात आमचा थवा बर्फाची शिखरं ओलांडून विदर्भातल्या इटियाडोह धरणाच्या पाण्यावर उतरायचा. माझी हंसीण कायम माझ्या उजव्या पंखाशी उडायची.

या मुलुखाने आम्हाला फार माया लावली. धान कापलेल्या बांध्यांत सांडलेले दाणे, लाखोळी डाळीच्या रोपांचा कोवळा पाला, आणि पहाटे गावातून पाण्यावर तरंगत येणारी काकड आरती. इथली भाषा तेव्हा मला कळत नव्हती, पण टाळ वाजला की माझ्या गळ्यातून आपोआप साद निघायची.

त्या सादेनेच घात केला. काठावर राहणारा घनश्याम दिवसा फासे लावून पाखरं धरी आणि संध्याकाळी भजनात टाळ वाजवी. सहा वर्षांपूर्वी मी त्याच्या फाशात सापडलो. त्याच्या बायकोने, शामकलाने, सुरी आणली. तेवढ्यात शेजारच्या देवळात टाळ खणखणले आणि मी जीव विसरून ओरडलो. घनश्याम हसला.

“राहू दे वो. हा जिता राह्यला तं आपले सोयरे बलावन.”

त्याने माझी उडायची पिसं कात्रीने कापली. नवी फुटली की पुन्हा कापी. उन्हाळ्यात त्याच्या अंगणात माझी त्वचा भाजून निघे. शामकला पाणी शिंपडी, कोंडा घाली. हा तर भजनी मंडळातलाच, असं म्हणून लोक माझं कौतुक करत.

सप्ताहात शालीकराम महाराजांचं कीर्तन व्हायचं, तेव्हा मी मांडवाच्या कडेला बसून ऐके. मुक्या जिवांत देव पाहा, असं महाराज गात आणि घनश्याम उपरण्याने डोळे पुशी. ते अश्रू खरे होते. मी जवळून पाहिलेत. दुसऱ्या सकाळी तोच घनश्याम मला उथळ पाण्यात खुंटीला बांधी, भोवती फासे पेरी आणि गवतात दडून टाळ वाजवी. मी साद देई. माझेच भाऊबंद, इथे सुख आहे असं समजून, खाली उतरत. पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, पण गळा थांबेना.

यंदा वरून ओळखीचा आवाज आला. माझी हंसीण घिरट्या घालत होती.

मी चोच चिखलात खुपसली. टाळ वाजला, मी गप्प. पुन्हा वाजला, तरी गप्प. मग घनश्यामने टाळ खाली ठेवला आणि आदल्या दिवशीच्या कीर्तनातलं भजन हळूच गाऊ लागला. मित्रांनो, तो फार सुंदर गातो. माझी मान वर उठली आणि साद निघून गेली.

ती माझ्या शेजारी उतरली. माझी कापलेली पिसं चोचीने नीट करू लागली, तोच फास आवळला.

संध्याकाळी चूल पेटवताना शामकला म्हणाली, “ते याची जोडी होती जी. कसा रडून राहिला पाहा.”

घनश्याम टाळ पुसत होता. “रडू दे. रडला तरी येतेत.”

खरंच, दुसऱ्या दिवशी आणखी दोन आले.

मित्रांनो, कुठल्या तलावात एकटाच हंस साद घालताना दिसला, तर फोटो काढण्याआधी त्याच्या पायाकडे बघा. दोरी असेल तर पहिली ती सोडा. देवाचं नाव त्यानंतर घ्या. तेवढा वेळ देव थांबतो.