फुगा काढायला आठ दिवस

शांतम्मा देगलूरहून भावाची जीप घेऊन लेकीला न्यायला लातुरात आली, आणि लेक म्हणाली, "अव्वा, मी येत न्हाई."

"काय बोललालीस?" शांतम्मानं हातातली ओटीची पिशवी खाली ठेवलीच नाही. "आठवा लागलाय. लिंगायताच्या रीतीनं पोटातल्या लेकराला लिंग बांधायचं, ते माहेरीच. मठाच्या अय्यांनी आजचा मुहूर्त धरून दिलाय. सगळ्या गल्लीला जेवायचं सांगून बसले मी!"

सुकन्यानं आईला हाताला धरून बसवलं. इतके दिवस फोनवर 'बारकं ऑपरेशन झालंय, ठीक हाय' एवढंच सांगितलेलं. आज सगळं सांगितलं. बाळाच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याला डाव्या अंगानं भोक होतं. त्यातून आतडी वर छातीत घुसली होती, फुप्फुसाला वाढायला जागाच उरली नव्हती. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यात आईच्या पोटातून काडीएवढी दुर्बीण घालून बाळाच्या श्वासनळीत फुगा बसवला होता.

"लेकराच्या नरड्यात फुगा? अगं, श्वास कसा घेईल ते?"

"पोटात कुठं श्वास घेतंय अव्वा! नाळेतून मिळतं त्याला. फुप्फुसात पाणी तयार होतं, ते फुग्यानं आडलं. पाटाला बांध घातला की वाफा भरतो ना, तसं फुप्फुस भरतं, वाढतं. मागच्या सोनोग्राफीत दुप्पट दिसलं. चौतिसाव्या आठवड्यात फुगा काढणार. आठ दिवस राहिलेत. तोवर दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या पुढं जायचं न्हाई. कळा आल्या आन् फुगा आतच राहिला, तर बाहेर आल्यावर त्याला श्वासच घेता येणार न्हाई."

शांतम्मा मन लावून ऐकत होती. मठात शिवकीर्तन ऐकून आली की दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बायकांना सगळं निरूपण, बुवांच्या मधल्या खोकल्यासकट, जसंच्या तसं सांगायची तिची ख्याती होती. हेही तिनं तसंच कानात साठवलं.

पण मुहूर्ताचं काय? लेक अंघोळीला गेली, आणि बाहेर तिच्या भावानं, मडिवाळप्पानं, जीपचा हॉर्न वाजवला. "अक्का, मोकळी जीप घेऊन जाऊ का मी?"

"मोकळी कशाला? पस्ताना ने."

मुहूर्तावर माणसाला निघता आलं नाही, तर त्याचं बोचकं पुढं पाठवायचं, म्हणजे माणूस निघाल्यातच जमा. कॉटखाली एक भरलेली पिशवी दिसली. साड्या, बाळाची दुपटी, सगळं घडी घालून ठेवलेलं. लेकीनं माहेरची तयारी आधीच केली होती तर! शांतम्माचे डोळे भरून आले. पिशवी तशीच नव्या लुगड्यात बांधून, वर हळदकुंकू वाहून तिनं जीपमध्ये ठेवली. "अय्यांच्या पुढं ठेव, आन् सांग, आठ दिवसांनी आम्ही येतोच."

दुपारी जेवायच्या ताटावरच सुकन्याला पहिली कळ आली. मग दुसरी. दुकानातून जावई मल्लेश धावत आला आणि कॉटखाली वाकला.

"मामी, पिशवी? दवाखान्यासाठी भरून ठेवलेली? फाइल त्यातच हाय!"

"जीपमध्ये दिली मी," शांतम्मा म्हणाली. "उदगीरच्या पुढं गेली असंल."

मल्लेशनं एकदा तिच्याकडं रागानं बघितलं आणि रिक्षा आणायला धावला. रिक्षात कळा सोसत सुकन्याच म्हणाली, "माझ्याआधी माझी फाइलच बाळंतपणाला गेली बघ, अव्वा." आणि लगेच ओठ दातात धरला.

दवाखान्यात, फुगा बसवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होत्या. मल्लेश नाव नोंदवायला खिडकीकडं पळाला. पुढं आला तो एक नवाच डॉक्टर, कालपरवा कामाला लागलेला असावा. "आधीचे कागद कुठायत?"

"कागद न्हाईत," शांतम्मा म्हणाली. सुकन्याला कळांमुळं बोलता येईना.

"महिने भरले नाहीत, कळा सुरू. लेबर रूमला घ्या," तो नर्सला म्हणाला. स्ट्रेचर हललंसुद्धा.

शांतम्मा स्ट्रेचरला आडवी आली. आयुष्यात डॉक्टरपुढं तिनं मान वर केली नव्हती. "थांबा साहेब. लेकराच्या नरड्यात फुगा हाय." आणि डोळे मिटून एका दमात सांगत सुटली. पडद्याला डाव्या अंगानं भोक, आतडी छातीत, अठ्ठाविसाव्या आठवड्यात दुर्बिणीनं श्वासनळीत फुगा, फुप्फुस दुप्पट, चौतिसाव्याला काढायचा, काढल्याबगर जन्मू द्यायचं न्हाई. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

डॉक्टरनं स्ट्रेचर थांबवलं. त्यानं फोन उचलला, आणि दोन मिनिटांत मोठ्या बाई हातमोजे ओढतच जिना उतरल्या.

दार बंद झालं. शांतम्मानं गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, पण नाम ओठावर येईना. मुहूर्त सांभाळायला गेले आणि लेकराचा श्वासच पणाला लावला, एवढंच मनात फिरत होतं.

अर्ध्या तासानं नर्स बाहेर आली. "पोटातूनच सुई घालून फुगा फोडला. निघाला. आता कळा थांबणार नाहीत, बाळ येतंय."

मल्लेश आणि ती दाराला कान लावून उभे राहिले. सुकन्याचं कण्हणं ऐकू आलं, भांड्यांचा खणखणाट झाला, मग सगळं गप्प. रडणं आलंच नाही.

"मल्लेशराव, रडत का न्हाई ते?" शांतम्मानं त्याचा दंड घट्ट धरला.

मोठ्या बाई बाहेर आल्या. "मुलगी आहे. रडू दिलं नाही आम्ही. रडली की हवा पोटात जाते, आतडी फुगतात, छातीत दाटी होते. लगेच नळी घातली, मशीन लावलं. भोक शिवायचं ऑपरेशन तब्येत सावरली की. आज काही कबूल करत नाही मी."

"आन् फुप्फुस?"

"डावं लहानच आहे. पण वाढलंय, हवा घेतंय."

काचेपलीकडं मुठीएवढी छाती दिसत होती. "मामी, बसा. सकाळपासून पोटात काही न्हाई तुमच्या," मल्लेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग उरला नव्हता, पण त्यानं रागवायलाच हवं होतं, असं तिला वाटलं. ती काचेपाशीच उभी राहिली. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर येईस्तोवर शांतम्मानं आपलाही श्वास धरून ठेवला.